कारण न सापडलेल्या आजाराची भरपाई

सैनिकी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई अमेरिकेत मागायची, तर माजी सैनिकाला सहसा तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आज आजार आहे, सेवेत असताना काही घडले होते, आणि आजचा आजार त्यातूनच आला आहे. गोळी लागून पाय गेला असेल तर या तिन्ही गोष्टी लष्करी रुग्णालयाच्या कागदांतच सापडतात. १९९०-९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या हजारो सैनिकांची मात्र पहिल्याच पायरीवर अडचण झाली. त्यांचा थकवा झोपूनही जात नव्हता. सांधे आणि स्नायू दुखत, डोके ठणके, बोलता बोलता शब्द आठवेनासे होत, पोट वारंवार बिघडे, अंगावर पुरळ उठे. रक्त तपासले, एक्स-रे काढले, तरी सगळे ठीकच येई. डॉक्टरांना आजाराचे नाव लिहिता येत नव्हते, आणि नाव नसलेल्या आजाराला भरपाई देण्याची कायद्यात सोय नव्हती.

ती सोय २ नोव्हेंबर १९९४ रोजी झाली. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने आखातात गेलेल्या सैनिकांपुरता ‘निदान न झालेला आजार’ हा भरपाईचा स्वतंत्र आधार मानला. आजार सहा महिने किंवा अधिक टिकलेला असावा आणि किमान दहा टक्के अपंगत्व आणणारा असावा, अशा अटी राहिल्या. तो कशामुळे झाला हे दाखवण्याची जबाबदारी सैनिकावर उरली नाही. २००१ मध्ये त्यात आणखी एका वर्गाची भर पडली : वैद्यकशास्त्राला पुरता उलगडा न झालेले, अनेक लक्षणे असलेले जुनाट आजार. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, फायब्रोमायल्जिया आणि इरिटेबल बॉवेल सिंड्रोम ही कायद्याने दिलेली उदाहरणे.

कायदा झाला, पण वाद मिटला नाही. तो इथे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष या आपल्याकडच्या जुन्या रीतीने मांडला आहे. पूर्वपक्ष पुराव्याचा आग्रह धरणाऱ्यांचा आहे. त्यात साथरोगतज्ज्ञ आहेत, काही मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि सरकारी तिजोरीची चिंता वाहणारेही आहेत. उत्तरपक्ष दावेदार सैनिक, त्यांच्या संघटना आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले संशोधक यांचा आहे.

पूर्वपक्ष : असा काही वेगळा आजार आहे, हेच आधी ठरले पाहिजे. थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी, विसराळूपणा ही लक्षणे कोणत्याही शहरातल्या कोणत्याही दवाखान्यात रोज दिसतात. १९९८ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी हवाई दलातील लोकांचा अभ्यास करून या आजाराची व्याख्या बांधली. थकवा, मनःस्थिती व स्मृती, आणि स्नायू व सांधे असे लक्षणांचे तीन गट केले. त्यांपैकी किमान दोन गटांतली लक्षणे सहा महिने टिकली की आजार मानायचा. आखातात पाऊलही न टाकलेल्यांपैकी १५ टक्के लोक या व्याख्येत बसले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत लष्करी रुग्णालयांतील भरतीचे प्रमाण आखातात गेलेल्यांमध्ये जास्त आढळले नाही, आणि रोगांमुळे होणारे मृत्यूही जास्त नव्हते.

उत्तरपक्ष : त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही वाचावा. आखातात गेलेल्यांपैकी ४५ टक्के लोक त्या व्याख्येत बसले, म्हणजे तिप्पट. १९९९ मध्ये ब्रिटिश सैनिकांवरच्या अभ्यासात ही व्याख्या लावली तेव्हा आखातात गेलेल्यांचे प्रमाण ६१.९ टक्के आले. बोस्नियात शांतिसेनेत राहिलेल्यांचे ३६.८ आणि त्या काळात सैन्यात असूनही आखातात न गेलेल्यांचे ३६.४. रुग्णालयातल्या भरतीवरून काही ठरत नाही. जुनाट थकव्याने कोणी खाटेवर भरती होत नाही. माणूस नोकरी सोडतो आणि घरी बसतो. आणि लष्करी रुग्णालयाच्या नोंदीत सेवेत टिकलेलेच दिसतात. आजारपणामुळे जे सेवेबाहेर पडले, ते त्या मोजणीत आलेच नाहीत.

या मुद्द्यावर आता फारसे भांडण उरलेले नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा पुरावा तपासला आणि आखातातील तैनातीचा अनेक लक्षणांच्या या आजाराशी संबंध असल्याला पुरेसा पुरावा आहे, असा निर्वाळा दिला. कोणत्याही ज्ञात मनोविकाराच्या खात्यावर हा आजार टाकता येत नाही, हेही त्या अहवालात होते. युद्धात गेलेल्या सुमारे ६ लाख ९७ हजार अमेरिकनांपैकी अडीच लाखांच्या आसपास लोकांना तो आहे, असा त्याचा अंदाज. आजार आहे की नाही हा प्रश्न इथे सुटला. तो कशामुळे झाला हा राहिला, आणि वादाची खरी धार तिथेच आहे.

पूर्वपक्ष : प्रत्येक युद्धानंतर असे आजार दिसले आहेत. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप आणि थकवा जेकब दा कोस्टा या डॉक्टराने १८७१ मध्ये नोंदवला, पण हृदयात दोष सापडला नाही. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ आला. शस्त्रे बदलली, लक्षणे मात्र बरीचशी तीच राहिली. तेव्हा सगळ्या युद्धांत समान असलेले कारण शोधावे, आणि ते म्हणजे ताण. क्लिंटन यांनी नेमलेल्या सल्लागार समितीनेही १९९६ च्या अंतिम अहवालात ताण हा एक महत्त्वाचा घटक असण्याची शक्यता सांगितली होती. ताणाने आलेला आजार खोटा नसतो. पण मग त्यावर उपचारही त्याच दिशेने व्हायला हवेत.

उत्तरपक्ष : ताणच कारण असेल तर जिथे ताण जास्त, तिथे आजार जास्त दिसायला हवा. या युद्धातली जमिनीवरची लढाई २४ ते २८ फेब्रुवारी १९९१ अशी शंभर तासांत आटोपली. ज्यांनी शत्रू पाहिलाच नाही, अशांमध्येही हा आजार आहे. बोस्नियातल्या सैनिकांवर ताण नव्हता असे कोणी म्हणणार नाही, तरी त्यांचे प्रमाण घरी राहिलेल्यांइतकेच आले. आखातात वेगळे होते ते तिथल्या हवेत आणि सैनिकांच्या पोटात गेलेले विष. इराकी सैन्याने पेटवलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी नोव्हेंबर १९९१ पर्यंत जळत होत्या. तंबूंत आणि कपड्यांवर कीटकनाशके मारलेली होती. सोमान या विषारी वायूपासून बचाव म्हणून सुमारे अडीच लाख सैनिकांनी पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइडच्या गोळ्या घेतल्या. शिवाय सरीन हा दुसरा विषारी वायू होता. सरीन, ही गोळी आणि कीटकनाशकांतला ऑर्गॅनोफॉस्फेटचा गट ही तिन्ही द्रव्ये मज्जातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या एकाच विकरावर, अॅसिटिलकोलिनएस्टरेझवर, परिणाम करतात. २००८ मध्ये काँग्रेसच्या कायद्याने नेमलेल्या संशोधन समितीने मुख्य बोट ठेवले ते या गोळ्यांवर आणि कीटकनाशकांवर.

पूर्वपक्ष : पायरिडोस्टिग्मिन हे मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या विकारावर कित्येक दशके दिले जाणारे औषध आहे. सैनिकांना आठ तासांनी ३० मिलिग्रॅमची एक गोळी, म्हणजे दिवसाला ९० मिलिग्रॅम मिळत होते. मायस्थेनियाचे रुग्ण याच्या कितीतरी पट मात्रा वर्षानुवर्षे घेतात, आणि त्यांना हा आजार होत नाही.

उत्तरपक्ष : त्या रुग्णांच्या शरीरात नेमकी त्याच यंत्रणेत उणीव असते, निरोगी माणसाची गोष्ट वेगळी. शिवाय ते रुग्ण गोळीबरोबर कीटकनाशके अंगावर घेऊन वाळवंटात उभे नसतात. ड्यूक विद्यापीठातील मोहम्मद अबू-डोनिया यांनी १९९६ मध्ये कोंबड्यांवर प्रयोग केले. पायरिडोस्टिग्मिन आणि कीटकांविरुद्ध वापरली जाणारी डीट व पर्मेथ्रिन ही द्रव्ये एकत्र दिल्यावर मज्जासंस्थेची हानी प्रत्येक द्रव्य वेगळे देण्यापेक्षा जास्त झाली.

पूर्वपक्ष : प्रयोगशाळेतल्या कोंबडीवरून माणसाबद्दल फार तर शंका घेता येते. कोणत्या सैनिकाने किती गोळ्या घेतल्या, किती कीटकनाशक वापरले, विषारी हवेत तो किती वेळ होता, हे कुठेही मोजलेले नाही. अभ्यासांत येते ते सैनिकाने पाच-दहा वर्षांनी आठवून सांगितलेले. आजारी माणूस कारण शोधत मागे वळून पाहतो आणि त्याला जास्त आठवते. स्मरणातला हा दोष काढल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खरा आहे. मात्र मोजमाप नाही ते का नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गोळीला युद्धातल्या या कामासाठी तेव्हा मान्यता मिळालेली नव्हती. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियमात बदल करून संरक्षण खात्याला सैनिकांची संमती न घेता असे औषध देण्याची मुभा दिली. सोमानविरुद्ध या औषधाला रीतसर मान्यता मिळाली ती २००३ मध्ये. गोळ्या वाटल्या गेल्या, पण कोणी किती घेतल्या याच्या विश्वासार्ह वैयक्तिक नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत. लशींच्या नोंदींचीही तीच रड.

सरीनची हकीगत याहून गंभीर आहे. इराकमधील खमिसिया इथला दारूगोळ्याचा साठा अमेरिकन सैन्याने ४ आणि १० मार्च १९९१ रोजी सुरुंग लावून उडवला. त्यातल्या काही रॉकेटांत सरीन आणि सायक्लोसरीन भरलेले होते. हे पेंटागॉनने जाहीर केले जून १९९६ मध्ये, पाच वर्षांनी. तोपर्यंत सैनिकांना विषारी वायूचा संपर्क आल्याचा पुरावा नाही, अशीच अधिकृत भूमिका होती, आणि त्या भूमिकेच्या आधारे त्यांच्या तक्रारी बाजूला सारल्या गेल्या. किती लोक त्या धुरात सापडले असतील याचा सरकारी अंदाज आधी काही हजार होता. १९९७ मध्ये तो सुमारे ९९ हजारांवर गेला आणि तेवढ्या लोकांना पत्रे धाडण्यात आली. वाऱ्याची दिशा आणि धुराचा पसारा संगणकावर मांडून काढलेले हे आकडे होते. २००४ मध्ये अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या गणितावरच विसंबता येत नाही, असे सांगितले.

उत्तरपक्ष : तेव्हा नोंद ठेवायची होती सरकारने. ती ठेवली नाही, आणि आता नोंद नाही म्हणून सैनिकाचा दावा फेटाळायचा, हे न्यायाला धरून नाही. शिवाय प्रत्येक अभ्यास आठवणींवर उभा नाही. डॅलस येथील रॉबर्ट हेली यांच्या गटाने २०२२ मध्ये ५०८ आजारी आणि ५०८ निरोगी आखाती सैनिकांची तुलना केली. सरीनचे विघटन करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचे दोन प्रकार असतात; एक सरीनवर चांगले काम करतो, दुसरा कमकुवत. कमकुवत प्रकार असलेल्या आणि वायूच्या धोक्याची घंटा ऐकलेल्या सैनिकांत आजाराची शक्यता दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरून येणाऱ्या बेरजेपेक्षा जास्त निघाली. घंटा ऐकल्याची आठवण चुकू शकेल, जनुक रक्तात असते. आपल्याला कोणता प्रकार मिळाला आहे हे सैनिकाला ठाऊकच नव्हते, त्यामुळे आठवणीला त्या बाजूने वळण लागण्याचे कारण नाही.

पूर्वपक्ष : हा आजवरचा सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणता येईल. तरी तो समूहाविषयी आहे. समोर बसलेल्या एका विशिष्ट माणसाचा आजार सरीनमुळेच झाला, हे त्यातून निघत नाही. रक्ताची अशी एकही तपासणी अजून नाही की जी या आजाराला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणेल.

इथे दोन्ही पक्षांचे प्रश्न वेगळे होतात. शास्त्राला कारण हवे असते, आणि ते मिळेपर्यंत थांबणे हे शास्त्राचे कर्तव्यच आहे. भरपाईच्या कार्यालयाला थांबता येत नाही. दावेदार आज आजारी आहे, त्याच्या घराचा हप्ता आज थकला आहे. त्या कार्यालयापुढचा प्रश्न असा की अज्ञानाचा खर्च कोणी सोसायचा. याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, ते कायद्याने द्यावे लागते, आणि कायदा ते गृहीतकाच्या रूपाने देतो.

उत्तरपक्ष : गृहीतक ही सवलत किंवा दया नव्हे. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाबाबत अमेरिकेने १९९१ च्या कायद्याने हेच केले : संपर्क आणि रोग यांत सांख्यिकी संबंध दिसला की पुरे, प्रत्येकाच्या शरीरात त्यातले डायॉक्सिन हे विष किती गेले ते मोजायला नको. पुरावा दोन्ही बाजूंनी समसमान असेल तर शंकेचा फायदा सैनिकाला, हे तर तिथल्या भरपाईच्या कायद्याचे जुनेच तत्त्व आहे. भारतातही हाच विचार मान्य झाला आहे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा सुदृढ होता असे मानायचे, आणि नंतरचा आजार सेवेमुळे आला नाही किंवा बळावला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. त्या सैनिकाला अपस्माराचा विकार होता. वैद्यकीय मंडळाने तो शरीरप्रकृतीचा दोष ठरवला होता, पण कारणे दिली नव्हती.

पूर्वपक्ष : अपस्माराला निदान असते. नाव असलेला रोग सेवेमुळे आला असे धरणे एक, आणि केवळ लक्षणांना भरपाई देणे वेगळे. लक्षणे खोटी नसली तरी त्यांची खातरजमा कशी करायची? आणि आजारी राहण्यावरच दरमहाची रक्कम अवलंबून असेल, तर बरे होण्याच्या वाटेत अडथळा येतो, ही भीती उपचार करणाऱ्या अनेकांना वाटते.

उत्तरपक्ष : खातरजमेचा मार्ग नियमांतच आहे. डॉक्टरांनी टिपलेली चिन्हे चालतात, आणि इतरांना पडताळता येतील अशा वैद्यकाबाहेरच्या गोष्टीही चालतात : कामावरच्या गैरहजेरीची नोंद, पत्नीने किंवा सहकाऱ्याने दिलेले निवेदन, औषधासाठी केलेल्या फेऱ्या. राहिली बरे होण्याची गोष्ट. दहा दहा वर्षे दावा लढवत बसणे, आणि दर तपासणीत आपण खरोखर आजारी आहोत हे पटवून देत राहणे, यानेच माणूस आजाराला जखडला जातो.

पूर्वपक्षाची भीती पोकळ नाही, पण ती प्रत्येक अपंगत्व भरपाईला लागू होते, पाठदुखीच्या भरपाईलाही. एकाच आजाराच्या वाट्याला हा संशय यावा, यात न्याय दिसत नाही.

कागदावर उत्तरपक्ष जिंकला आहे. माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी असलेल्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की निदान न झालेल्या आजाराच्या दाव्यात सेवा आणि आजार यांचा दुवा जोडणारे वैद्यकीय मत मागता येत नाही. टेबलावर मात्र वेगळे घडत राहिले. लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालानुसार २०१५ या आर्थिक वर्षात आखाती आजाराच्या दाव्यांपैकी केवळ १७ टक्के मंजूर झाले. इतर दाव्यांच्या मंजुरीच्या प्रमाणाचा हा जेमतेम तिसरा हिस्सा. निकाल लागायलाही सरासरी चार महिने जास्त लागत होते. या आजाराच्या तपासणीचे प्रशिक्षण ऐच्छिक होते, आणि फेब्रुवारी २०१७ पर्यंत ते तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी सुमारे दहा टक्क्यांनीच घेतले होते.

नकाराची रीत समजण्यासाठी एक नमुन्याचा दावा पाहावा. माजी सैनिक सांधेदुखी, डोकेदुखी, निद्रानाश, विसराळूपणा आणि पोटाच्या तक्रारी घेऊन येतो. वय पन्नाशीच्या पुढे. सांध्यांचा एक्स-रे काढला जातो. त्या वयात थोडी झीज दिसतेच, म्हणून ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’. डोकेदुखीला ‘मायग्रेन’. झोपेला ‘स्लीप अॅप्निया’. विसराळूपणाला ‘नैराश्य’. आता प्रत्येक लक्षणाला नाव मिळाले, म्हणजे निदान न झालेला आजार उरला नाही, आणि कायद्याचे गृहीतकही गळाले. मग नाव असलेल्या प्रत्येक रोगाचा सेवेशी दुवा वेगवेगळा दाखवा, असे सांगितले जाते. तो तीस वर्षांनी कुठून दाखवणार? १९९४ पूर्वी नाव नाही म्हणून दावा अडत होता, त्यानंतर नाव आहे म्हणून अडू लागला.

पूर्वपक्ष : तपासणाऱ्या डॉक्टराला यात दोष देता येत नाही. लक्षणाचे निदान करणे हेच त्याचे शिक्षण. झिजलेला सांधा दिसत असताना तो ‘निदान नाही’ कसे लिहील?

उत्तरपक्ष : झीज दिसते ती त्याने अवश्य लिहावी. पण त्या झिजेने सगळ्या अंगाचे दुखणे, थकवा आणि स्मृतीचा घोळ यांचा उलगडा होतो का, हाही प्रश्न त्याने स्वतःला विचारावा. लक्षणे सुटी सुटी करून तपासली की हा आजार दिसतच नाही, कारण तो त्यांच्या एकत्र असण्यातच आहे.

या जागी पूर्वपक्षाला फारसे उत्तर नाही. त्याचा उरलेला आक्षेप नियमांच्या गुंतागुंतीवर आहे, आणि तो रास्त आहे : ‘निदान न झालेला’ आणि ‘निदान असूनही उलगडा न झालेला’ हे दोन वर्ग अनुभवी डॉक्टरांनाही सहज वेगळे करता येत नाहीत. दुसऱ्या वर्गाबद्दल न्यायालयाला २०१८ मध्ये पुन्हा सांगावे लागले की आजाराचे मूळ किंवा त्याची शरीरातील प्रक्रिया यांपैकी एक जरी अनिर्णीत असेल तरी तो उलगडा न झालेलाच समजावा. तोवर यांपैकी एक थोडेफार कळले आहे, एवढ्यावर दावे फेटाळले जात होते.

१० ऑगस्ट २०२२ रोजी अध्यक्ष जो बायडन यांनी सही केलेल्या पॅक्ट कायद्याची चर्चा झाली ती मुख्यतः इराक आणि अफगाणिस्तानातील लष्करी तळांवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांमुळे. त्यातले एक कलम मात्र या जुन्या आजाराचे आहे. आजार ठरावीक तारखेपूर्वी दिसला पाहिजे, ही वारंवार वाढवली जाणारी मुदत त्याने काढून टाकली. तो कधीही आणि कितीही प्रमाणात प्रकट झाला तरी चालतो. अफगाणिस्तान, सीरिया, जॉर्डन, इजिप्त, इस्रायल आणि तुर्कस्तानात सेवा केलेल्यांनाही आखाती सैनिकांत धरले. या आजाराचे एखादे लक्षण घेऊन सैनिक तपासणीला आला तर त्यासाठी ठरवलेला स्वतंत्र प्रश्नसंच वापरायचा, आणि दाव्यांवर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे, हेही कायद्यात आले. सुटी लक्षणे आता एका कागदावर एकत्र यावीत, हा त्यामागचा हेतू. मंजुरी मात्र अजूनही तपासणीच्या खोलीतल्या अहवालावर ठरते. त्यात डॉक्टर चार रोगांची नावे लिहितो की एका आजाराची चार लक्षणे, यावर दाव्याचा निकाल लागतो.